सड्यावर 500 झाडं लावली तर गवे खाली यायचे थांबतील का?

तालमीचा_खजिनदार
मंडळी, आमच्या तालमीकडं गणपतीच्या वर्गणीतले पैसे शिल्लक आहेत. यंदा डॉल्बी लावला नाही, म्हणून. परवाच्या मीटिंगमध्ये ठरत आलंय की राधानगरी तालुक्यात वर एका सड्यावर 500 झाडं लावायची. पोरांचं म्हणणं असं की गवे उसात घुसतात, रस्त्यावर येतात, कधी कधी पार कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत पोचतात, ते जंगल तोडल्यामुळं. वर झाडं झाली की त्यांना तिथंच खायला मिळेल. सडा मोकळाच पडलाय, नुसता दगड आणि गवत. गावच्या सरपंचांचीही ना नाही.

सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात विद्यापीठात शिकणारं आमचंच एक पोरगं उठून म्हणालं, "सड्यावर झाडं लावू नका, वाटोळं होईल." त्याला सगळ्यांनी मिळून गप्प बसवलं. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून किडा वळवळतोय. झाडं लावून वाटोळं कसं होईल? नर्सरीवाला अकेशिया नाहीतर गुलमोहर घ्या म्हणतो, जगायची खात्री देतो. पैसे लोकांचे आहेत, पुढच्या रविवारी हिशेब मांडायचाय. जाणकारांनी जरा सांगा.

तांबडा_पांढरा
वर्गणी शिल्लक ठेवणारा खजिनदार! भावा, तुलाच आधी वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये घातला पाहिजे. गव्यांचं नंतर बघू.

सोनकी
त्या पोराला गप्प बसवलं याचं वाईट वाटलं, कारण बरोबर तोच होता.

सडा म्हणजे जांभ्या खडकाचं पठार. वर माती असते बोटभर, कुठं कुठं तीही नाही. तिथं मोठी झाडं नाहीत ती कुणी तोडली म्हणून नव्हे, मुळांना जायला जागाच नाही म्हणून. पावसाळ्यात या, पण उभ्यानं बघू नका, खाली बसून बघा. खडकाच्या खळग्यात पाणी साठतं आणि त्यात वीतभर उंचीची निळी-जांभळी फुलं उभी असतात, सीतेची आसवं. ही वनस्पती किडे खाते. मातीत नत्र नाही, म्हणून पाण्यातल्या बारीक जीवांना बुडाशी असलेल्या इवल्या फुग्यांत ओढून घेते. शेजारीच दवबिंदू असतो, त्याच्या पानावरच्या चिकट थेंबात चिलट अडकलेलं दिसतं. मग गेंदाची पांढरी बटणं. ही सगळी मंडळी उघड्या उन्हात आणि उथळ पाण्यात वाढणारी. वर सावली धरली की संपली.

दुसरं म्हणजे जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेलं पाणी त्यातून मुरतं आणि खाली उताराला झऱ्यानं बाहेर येतं. सड्याखालच्या वाड्यांना उन्हाळ्यात कुठलं पाणी मिळतं ते विचारून बघा. हे खड्डे खणायला तिथं जेसीबी नेणार असाल तर कृपा करा.

आणि गवा काय खातो? मुख्यतः गवत. शिवाय बांबूचे कोंब, झुडपांचा पाला, थोडीफार साल. म्हणजे तुम्ही त्याच्या ताटातलं गवत काढून तिथं त्याला नको असलेलं अकेशिया वाढणार आहात.

तालमीचा_खजिनदार
@सोनकी ताई, हे कुणीच सांगितलं नव्हतं. पण मग वृक्षारोपण करायचंच नाही का कुठं?

सोनकी
करा की. जिथं झाडं होती आणि गेली तिथं करा. ओढ्याकाठी, गावाच्या गायरानात, उजाड झालेल्या देवराईच्या कडेला. जांभूळ, करंज, उंबर, आंबा, हिरडा, बेहडा, ऐन, जी त्या गावात आधीपासून आहेत तीच. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, अकेशिया ऑस्ट्रेलियाचा. दिसायला हिरवं, पण आपल्याकडच्या पाखरा-किड्यांना त्याचा उपयोग फार थोडा.

भुदरगडचा_गडी
फुलं-बिलं ठीक हाय ताई. माझा अर्धा एकर भात गव्यांनी चार वर्सं सलग तुडवलाय, त्यावर कोण बोलणार? खात्यात कमी, तुडवत्यात जास्त. रात्रभर माळ्यावर बसून डबा बडवायचा, सकाळी दूध घालायला जायचं. शहरात गवा दिसला की तुमी व्हिडिओ काढता, पेपरात येतंय. आमच्याकडं तर रोजच हाय, त्याला बातमी कोण म्हणतंय?

भरपाई मिळती, नाय असं नाय. पण पंचनामा होऊन पैसं हातात येईस्तोवर पुढचं पीक उभं राहतंय.

जुना_बीटगार्ड
नोकरीची बहुतेक वर्षं याच पट्ट्यात काढली, म्हणून चार गोष्टी सांगतो. भुदरगडकरांचं दुखणं खरं आहे, ते कुणी हसण्यावारी नेऊ नये.

"जंगल तोडलं म्हणून गवे आले" हे सरसकट म्हणता येत नाही. दाजीपूरचं रान संस्थानाच्या काळात शिकारीसाठी राखलेलं, म्हणून टिकलं. 1958 मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. 1985 मध्ये हद्द वाढवून 351 चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. कागदावर जंगल कमी झालेलं नाही, वाढलंय. मग बिघडलं काय? तर आतलं गवत.

पूर्वी दऱ्यांच्या तळाला, नदीकाठाला सपाट गवताळ जागा होत्या. त्यातल्या बऱ्याच राधानगरी आणि काळम्मावाडी या दोन धरणांच्या पाण्याखाली गेल्या. धरणं नको होती असं मी म्हणत नाही, आपण सगळे त्याच पाण्यावर जगतो. पण गव्याची कुरणं गेली ही गोष्ट खरी. जी उरली त्यात रानमोडी नावाचं तण शिरलं. ही मूळची अमेरिकेतली. जनावर तिला तोंड लावत नाही. बी केसाळ, वाऱ्यावर उडतं. जिथं ती माजते तिथं खाली गवताची काडी उगवत नाही. त्यात लोक फेब्रुवारी-मार्चला वणवा लावतात, नवं गवत चांगलं येतं या समजुतीनं. गवताचं बी जळतं, रानमोडी मात्र बुडख्यातून पहिल्या पावसाला परत फुटते. म्हणजे वणवा लावणारा तिचीच शेती करतो.

आणि जंगलाच्या खाली काय आहे? बारमाही पाण्याचा ऊस. दडायला जागा, खायला गोड, प्यायला पाटाचं पाणी. गव्यानं वर का थांबावं?

पेठेतला_पुण्यात
पण शहरापर्यंत का येतात? उसातच बसावं ना.

जुना_बीटगार्ड
तोडणी सुरू झाली की बसायला ऊस राहत नाही. फड एकेक करून मोकळे होत जातात, जनावर उरलेल्या उसातून पुढच्या उसात सरकतं आणि एक दिवस उजाडतं तेव्हा समोर कॉलनी असते. शहराजवळ दिसलेले गवे थंडीत जास्त का असतात याचं निम्मं उत्तर त्यात आहे. दुसरं निम्मं म्हणजे, एकटा भटकणारा बहुधा नर असतो. कळप म्हातारी मादी चालवते, ती सहसा असला आगाऊपणा करत नाही.

तांबडा_पांढरा
म्हणजे घरोघरी तीच तऱ्हा. 😄

पेठेतला_पुण्यात
आमच्या पुण्याचा किस्सा सगळ्यांना आठवत असेल. डिसेंबर 2020, कोथरूडच्या सोसायटीत गवा. लोक मागं धावतायत, मोबाईल वर, गवा भिंतीवर आदळतोय, तोंडातून रक्त. बेशुद्ध करून पकडला आणि तो मेला. टीव्हीवर बघताना पोटात कालवलं होतं.

जुना_बीटगार्ड
त्याला कारण आहे. एवढं मोठं खुरी जनावर जिवाच्या आकांतानं पळालं की अंग तापतं, स्नायू आतल्या आत मोडतात, त्याचं विष रक्तात जातं. वरून बेशुद्धीचं औषध. पुष्कळदा औषधापेक्षा आधीचा पाठलाग घात करतो. म्हणून खात्याचे लोक "गर्दी हटवा" म्हणून घसा फोडत असतात. ते लोकांना गवा बघू द्यायचा नाही म्हणून नव्हे.

आणि उलटही होतं. 2021 च्या डिसेंबरात आपल्या कोल्हापूरच्या शिवेवर गवा फिरत होता, तेव्हा जवळच्या गावातला एक तरुण पोरगा जिवानिशी गेला. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास भरतो. तो तुमच्याकडं आडवा वळून उभा राहिला, पाठीची कमान दाखवायला लागला, फुरफुरला, की समजायचं तो आपला आकार दाखवून "मागं सर" म्हणतोय. त्या वेळी लोक फोटो काढतात.

गणिताचे_मास्तर
विषय निघालाच आहे तर एक शंका. शाळेत सामान्यज्ञानाची स्पर्धा घेतली. "महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता?" या प्रश्नाला निम्म्या वर्गानं वाघ लिहिलं, दोघांनी गवा लिहिलं. एकानं "आमदार" लिहिलं, त्याला मी अर्धा गुण दिला.

सोनकी
😂 शेकरू, मास्तर. राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण, राज्यवृक्ष आंबा. 2015 पासून राज्य-फुलपाखरूही आहे, नीलवंत. शेकरू आणि नीलवंत दोन्ही राधानगरीत दिसतात, सहल न्या मुलांची. पण शेकरू बघायचं असेल तर गाडीतला डीजे बंद ठेवा.

मोडी_वाचक
गव्यांवरून सगळे बोलताय, पण कोल्हापूरनं एके काळी चित्ते पाळलेत हे कितीजणांना माहितीये? शिकारीसाठी. चित्तेवान त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीतून माळावर न्यायचे आणि काळवीट दिसलं की पट्टी काढायचे. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर संस्थानांनी आफ्रिकेतून आणवले. आता 2022 मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोला नामिबियाहून आठ चित्ते आले तेव्हा "आफ्रिकेचा चित्ता भारतात पहिल्यांदा" असं बरेचजण म्हणत होते. आमचे आजोबा असते तर हसले असते.

पेठेतला_पुण्यात
@मोडी_वाचक म्हणजे राजेलोकांनीच संपवले की.

मोडी_वाचक
एवढं सोपं नाही. शिकार होतीच, आणि पाळायला रानातून पकडून आणायचे तेही होतं, कारण पाळलेला चित्ता क्वचितच वितो. पण माळ नांगराखाली गेले हेही तितकंच. 1947 मध्ये कोरिया संस्थानाच्या (आताच्या छत्तीसगडातल्या) राजानं तीन मारले ते शेवटचे धरतात, 1952 मध्ये नामशेष जाहीर झाला. गंमत बघा, शिकारीसाठी राखलं म्हणून दाजीपूरचं रान उरलं आणि शिकारीपायी चित्ता जायला हातभार लागला. एकाच दरबारच्या दोन गोष्टी.

आणि @सोनकी यांच्या मुद्द्याशी हे जुळतं. चित्ता, काळवीट, माळढोक ही सगळी गवताळ माळावरची मंडळी. आपण माळाला "पडीक" म्हणतो आणि तिथं झाडं नाहीतर प्लॉट पाडतो.

रंकाळ्याचा_वारा
जंगल लांब राहिलं, आधी शहरातला रंकाळा तलाव बघा. मे महिन्यात पाणी हिरवंगार, वासानं संध्यामठाकडं उभं राहवत नाही. वर्गणी तिकडं घाला.

सोनकी
वर्गणीनं रंकाळा सुधारणार नाही. सांडपाण्यातून नत्र आणि फॉस्फरस येत राहतं तोवर शेवाळ आणि जलपर्णी येतच राहणार. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ऑक्सिजन खातं, म्हणून मेलेले मासे बहुतेक पहाटे दिसतात. जलपर्णी काढणं हे फरशी पुसणं झालं, नळ उघडाच आहे. तो बंद करायचं काम महापालिकेचं, तालमीचं नव्हे. पंचगंगेचंही तेच. पण हा वेगळा धागा होईल.

भुदरगडचा_गडी
परत फुलावर, चित्त्यावर, रंकाळ्यावर गेलासा. माझ्या भाताचं काय?

जुना_बीटगार्ड
गडी, रास्त आहे. नुकसान झाल्या झाल्या फोटो काढून अर्ज टाका, उद्यावर ढकलू नका, उशीर झाला की ठसे जातात आणि भांडण सुरू होतं. 1926 हा वनखात्याचा टोल-फ्री नंबर आहे. आणि सौर कुंपण. एकट्यानं केलं तर गवा तुमचं सोडून शेजाऱ्याच्या शेतात जातो आणि भावकीत वाद. वाडीनं मिळून एक सलग रांग केली तर टिकतं. पण तारेखालचं गवत महिन्याला कापावं लागतं, नाहीतर झटका जमिनीत जातो. बहुतेक कुंपणं तिथंच मरतात. बसवायला सगळे असतात, गवत कापायला कुणी नसतं.

एक हात जोडून विनंती. घरातल्या मेन लाईनची वायर तारेला जोडू नका. गवा मरतो, मग गुन्हा, आणि पुष्कळदा गव्याऐवजी पहाटे पाणी पाजायला निघालेला आपलाच माणूस सापडतो.

भुदरगडचा_गडी
वायरचं आमच्याकडं कोण करत नाही. कुंपणाचं बघतो. पण खरं सांगू का, गवा आमाला वैरी नाय. आमच्या म्हाताऱ्याच्या वेळी पण यायचा, एखाददुसरा, पेंढी खाऊन जायचा. आता कळप येतोय आणि मुक्काम करतोय. एवढाच फरक हाय.

आजऱ्याचा_घनसाळ
तुमच्याकडं गवे तरी. आमच्याकडं टस्कर हाय, सुळेवाला हत्ती. 2002 च्या सुमारास कर्नाटकातनं हत्ती सिंधुदुर्गात आले, पाठोपाठ चंदगड-आजऱ्यात. माडाच्या झाडाला टेकून उभा राहिला की झाड आडवं. गवा म्हणजे आमच्याकडं पाहुणा.

तांबडा_पांढरा
आजरेकर, इथं दुःखाची स्पर्धा नाही. असती तर तुम्ही पहिले.

गुरांचा_डॉक्टर
एक मुद्दा कुणी काढला नाही. गवा बैलाच्या जातकुळीतला. आपल्या गुरांना जे होतं ते त्याला होऊ शकतं. पूर्वी बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगानं जंगलातले गवे कळपाच्या कळप मेलेले आहेत. बुळकांडी 2011 मध्ये जगातून गेली, लशीमुळं. लाळ-खुरकूत मात्र आहे. जंगलालगतच्या गावातल्या गुरांचं लसीकरण वेळेवर झालं तर गुरं वाचतातच, गवेही वाचतात. तालमीला पैसे घालायचेच असतील तर अशा गावात लसीकरणाच्या दिवशी मदत करा. लस सरकारी असते, पण गुरं गोळा करायला, धरायला माणसं लागतात. तुमच्या तालमीत माणसांना तोटा नसावा.

सोनकी
डॉक्टर, मस्त सुचवलंत. त्यात भर घालते. वनखात्याची परवानगी घेऊन रानमोडी उपटायचं शिबिर घ्या. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय काडीही लावायची किंवा उपटायची नाही, हे आधी पोरांना सांगा. पावसाळ्यात माती ओली असताना मुळासकट निघते. थंडीत फुलून बी धरायच्या आत आटपायचं. कोयत्यानं छाटली तर दुप्पट फुटते. आणि एकदा करून फोटो काढून यायचं काम नाही हे. त्याच तुकड्यावर पुढची चार-पाच वर्षं जायला लागेल, कारण जमिनीत बी शिल्लक असतं.

पेठेतला_पुण्यात
चार-पाच वर्षं! तालमीत तेवढ्यात तीन अध्यक्ष बदलतील.

जुना_बीटगार्ड
सोनकी ताईंशी एका बाबतीत माझं जमत नाही. माणसांनी उपटून दहा गुंठे होतील, रान शेकडो हेक्टर आहे. कुरण सुधारणा हे खात्याचंच काम आणि त्यासाठी दरवर्षी पैसा मागितला पाहिजे. पोरांनी अंग मोडून काम केलं आणि दोन वर्षांनी तिथं पुन्हा रानमोडी दिसली तर ती पोरं परत कधी जंगलाकडं फिरकायची नाहीत. त्यापेक्षा वणवा अडवायला माणसं द्या. जानेवारीत जाळरेषा (वणवा पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढताना हात कमी पडतात, आणि तिचा परिणाम त्याच उन्हाळ्यात दिसतो.

सोनकी
मान्य नाही, पण तुमचा अनुभव मोठा. मी म्हणते छोटा तुकडा घ्या, पण सड्याच्या कडेचा, जिथं रानमोडी नुकती शिरतेय. माजलेली काढण्यापेक्षा शिरणारी अडवणं स्वस्त पडतं.

तालमीचा_खजिनदार
मंडळी, काल मीटिंग झाली. हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. ("आमदार" वर टाळ्या पडल्या.) त्या विद्यापीठातल्या पोराला पुढं बसवला, त्यानं फोनवर सीतेच्या आसवांचे फोटो दाखवले. आमचे एक ज्येष्ठ वस्ताद म्हणाले, "म्हणजे आपण गव्याच्या कुरणात खड्डे पाडणार होतो व्हय रं?" तिथं विषय संपला.

ठरलं ते असं: सड्यावर काही लावायचं नाही. सरपंच जरा नाराज आहेत, त्यांना फलकासहित फोटो हवा होता. त्यांच्या गावच्या ओढ्याकाठी 60 झाडं, जांभूळ-करंज-उंबर, आणि तीन उन्हाळे पाणी घालायची जबाबदारी वाटून दिली. जाळरेषेसाठी जानेवारीत 25 पोरं, वनखात्याच्या कार्यालयात पत्र देऊन. रानमोडीचं पुढच्या पावसात बघू, त्यावर मीटिंगमध्येही इथल्यासारखंच भांडण झालं. डॉक्टरसाहेब, लसीकरणाची तारीख कळवा.

शेवटचं एक. शहराच्या कडेच्या कॉलन्यांत लावायला छोटा फलक करतोय. मजकूर असा: "गवा दिसल्यास लांब थांबा. पाठलाग, आरडाओरडा, दगडफेक करू नका. कुत्री सोडू नका. त्याला परत जायची वाट मोकळी ठेवा. 1926 वर फोन करा." काही सुटलंय का?

जुना_बीटगार्ड
"दुचाकीचा दिवा त्याच्या डोळ्यावर मारू नका" हे घाला. आणि वाट मोकळी ठेवायची ओळ सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात.

भुदरगडचा_गडी
जाळरेषेला आमच्या वाडीतली पण पाच-सहा पोरं धाडतो. जेवण आमच्याकडं. पण कुंपणाचं गवत कापायला एक दिवस तुमची पोरं आली पायजेत, आत्ताच सांगून ठेवतो.

तालमीचा_खजिनदार
डन. तारीख टाका.

तांबडा_पांढरा
जेवण म्हटल्यावर 25 ची 60 होतील बघा. खजिनदार, शिल्लक सांभाळा.